बाटलीतला ऊद

आमच्या गल्लीत माझा वास आधी पोचतो, मी मागनं येते. ह्यात बढाई नाही, धंदाच तसला आहे. माझा चटणीचा डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कुटायची गिरणी. उन्हाळा लागला की बायका भाजलेल्या मिरच्या आणि मसाल्याचे डबे घेऊन माझ्या दारात रांगेनं बसतात, आणि आत लोखंडी मुसळं दिवसभर धाडधाड आपटत असतात. संकेश्वरी मिरची, ब्याडगी, धणे, दगडफूल, हिंग, वरनं लसूण. संध्याकाळी घासून घासून अंघोळ केली तरी माझ्या शेजारी बसणाऱ्याला एक तरी शिंक येतेच. पैपाव्हण्यांत मला ओळखायला कुणाला माझं तोंड बघावं लागत नाही.

ह्या धंद्यानं मला एक दिलं, ते म्हणजे नाक. धणे गेल्या वर्षीचे असले, मिरचीला ऊन कमी पडलं असलं, खोबरं जरा जास्त करपलं असलं, तर डब्याचं झाकण निघता निघता मी सांगते. बायका आधी चिडतात, मग कबूल करतात. तेव्हा आता जे सांगणार आहे ते नाकानं सांगते आहे, आणि नाकाच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायच्या फंदात कुणी पडू नये.

नवरा होता तेव्हा शनिवारी येताना मोगऱ्याचा गजरा आणायचा. मी म्हणायची, कशाला पैसे घालवताय, तासाभरात मिरची त्याला खाऊन टाकते. तो म्हणायचा, तासभर तरी येतोय ना. मग तो गेला. त्याच्याबरोबर गजरा गेला आणि कपाटातली सेंटची बाटलीही गेली. ती कुणी उचलली ते मला आजवर कळलेलं नाही. पहिलं वर्ष मला कशाचंच भान नव्हतं, तिथं वासाचं कुठलं असणार. पोरगी कॉलेजात होती, डंक चालवायचा होता, तो चालवला.

पुढच्या संक्रांतीला घरात हळदीकुंकू होतं. आमचं घर एकच, वर थोरले दीर आणि जाऊबाई, खाली मी. जावेला मी अक्का म्हणते. माझं माहेर नेसरीकडचं, तिकडं कर्नाटकाची हद्द जवळ, थोरल्या बाईला अक्काच म्हणायची पद्धत. अक्का मायाळू आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हाला तिचा राग येणार आहे. नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात माझ्या बरोबरीनं तीच बसली होती. तर त्या दिवशी ताट तिच्याच हातात होतं. कुंकू लावणार नाहीत हे मला ठाऊक होतं, त्याची तयारी करून मी भिंतीशी बसले होते. अत्तराचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारणीच्या मनगटाला अत्तराची काडी लागली, मी सवयीनं हात पुढं केला, आणि काडी माझ्या हातावरनं पलीकडं जाऊन तिसरीच्या मनगटाला लागली. अक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी हात पदराखाली घेतला. कुंकवाचं वाटलं नसेल एवढं वाईट मला त्या काडीचं वाटलं.

आपल्या जिल्ह्यात काही गावांनी असल्या चालीरीती बंद करायचे ठराव केले. पेपरात वाचून मला आनंद झाला, कात्रण काढून डंकाच्या भिंतीला चिकटवलं. पण ठराव होतात ग्रामसभेत आणि ताट फिरतं घरात, बायकांच्या हातनं. माझ्या भिंतीवरचं कात्रण वाचून बायका "बरं झालं की" म्हणायच्या आणि आपली चटणी घेऊन जायच्या.

मग ती बाटली आली. पोरगी शिकून पुण्याला नोकरीला लागली होती. दिवाळीला आली तेव्हा मोबाईलवरनं मागवलेलं एक परफ्युम घेऊन आली. काळपट काचेची चौकोनी बाटली. तिनं एकदा मनगटावर उडवलं आणि नाक मुरडलं. म्हणाली, "आई, ह्याला धूप जाळल्यासारखा वास येतोय. हे म्हाताऱ्या लोकांचं आहे." बाटली फळीवर ठेवून ती पुण्याला निघून गेली. मी दोन दिवस त्या बाटलीकडं बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डंक उघडायच्या आधी दार लावून घेतलं आणि जरासं हातावर मारलं.

आता नाकानं सांगते म्हटलं होतं ते हे. आधी आली ती लिंबाची साल, नखानं खरवडल्यावर येते तशी. ती आली आणि गेली. तिच्या मागनं मिरी. मिरीला मी झोपेतही ओळखते. ही जुनी काळवंडलेली नव्हती, नुकती ठेचलेली, जरा हिरवट होती. मिरी खाली बसायला लागली तसा धूर वर आला. हा उदबत्तीचा धूर नव्हे. उदबत्तीत गुलाब, मोगरा, काय काय साखर कालवलेली असते, दहा मिनिटांत डोकं धरतं. हा ऊद होता. निखाऱ्यावर उदाचा खडा टाकला की पहिला पांढरा लोट उठतो आणि डोळ्याला झोंबतो, तो वास नव्हे. तो लोट खिडकीबाहेर गेल्यावर घरातल्या पडद्यांत, अंथरुणांत, आपल्या केसांत जो मागं राहतो, तो. माहेरी आम्ही पोरी न्हालो की अव्वा, म्हणजे आई, आमचे ओले केस शेगडीवर धरून उदाची धुरी द्यायची. तो वास कुणी बाटलीत भरू शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दिवसभर डंक चालला. त्या दिवशी लवंगी मिरचीचा मोठा घाणा होता, माझे स्वतःचे डोळे वाहत होते. दुपारी मनगट नाकाशी नेलं तर वास जागेवर. धूर मागं सरला होता आणि लाकूड उरलं होतं, सुतारानं रंधा मारून ठेवलेल्या फळीचं. संध्याकाळी त्याला एक हलकीशी गोडी आली, राळेची, डिंकाची म्हणा. फुलांची अत्तरं मिरचीला भिऊन पळतात. हे पळालं नाही. ते मिरचीशी भांडलंही नाही, तिच्याशेजारी पाट मांडून बसलं. धूर, मिरी, साल, लाकूड, डिंक, सगळी माझ्याच भावकीतली मंडळी होती. आणखी एक गोष्ट मला आवडली. हा वास कुणाला खूश करायला निघालेला नव्हता. मोगरा समोरच्याला म्हणतो बघ मी कसा आहे. हा आपल्या जागी असतो, तुम्हाला पाहिजे तर जवळ या. त्या रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की मला आज दिवसभर मजा आली होती, आणि असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक शेजारीण डबा घेऊन आली, थबकली, दोनदा श्वास घेतला आणि म्हणाली, "सकाळ सकाळी देवळात जाऊन आलासा व्हय?"

मी सांगणारच होते की बाई, ही बाटली आहे. तोंड उघडलं आणि मिटलं, कारण तिच्या चेहऱ्यावर चक्क आदर होता. मी म्हणाले, "व्हय की." आणि आत जाऊन मुसळांच्या आवाजात मनसोक्त हसले. मला वाट सापडली होती. माझ्यासारखीनं गजरा माळला तर गल्लीची मान वळते, अत्तर लावलं तर कुजबूज होते. पण ऊद देवाचा. देवाच्या वासाला कोण नको म्हणणार?

मग काय, मी रोज लावायला लागले. बाटली संपत आली की पोरीला सांगायची, तसलीच दुसरी मागव. ती चक्रावायची पण मागवायची. आणि माझी कीर्ती वाढत चालली. धाकटी पहाटे उठून तासभर पूजा करते असं बोललं जायला लागलं. मी पहाटे उठते हे खरं आहे, पण पाण्याची मोटार चालू करायला. माझ्या डंकावरच्या चटणीला बुरशी लागत नाही अशी एक आवई उठली आणि पलीकडच्या पेठेतल्या बायका यायला लागल्या. एकीनं तर वास्तुशांतीला आधी तुम्ही उंबरा ओलांडा म्हणून गळ घातली. सगळ्यात जास्त अभिमान अक्काला. आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या धाकटीनं देवाला वाहून घेतलंय. जवळ बसून बघा, अंगाला वास येतोय." आणि ते बघायला येऊन बसायचे. एवढी फुकटची पुण्याई मला आयुष्यात कधी लाभली नव्हती. मी ती आनंदानं खाल्ली, ढेकर दिला, आणि वाईट अजिबात वाटून घेतलं नाही.

पोरीचं लग्न ठरेपर्यंत हे असं चाललं. मुलगा बिद्रीचा, पुण्यातच तिच्या कंपनीत, दोघांनी आपलं आपण जमवलेलं. घरचे शेतकरी, दूधदुभतं मोठं. वडील नाहीत म्हणून थोरल्या दिरांनी पुढाकार घेतला. त्यांच्या छातीत दोन वर्षांपूर्वी स्प्रिंगा घातल्यात, जिना चढताना धाप लागते, तरी हॉल बघायला पोरांच्या आधी हजर. एका रविवारी सगळे खाली माझ्या खोलीत बसून कामं वाटून घेत होते. पोरगीही आली होती. अक्का एकेकाला काम सांगत होती आणि ते तिला फार छान जमतं. दाराचं काम निघालं तेव्हा ती म्हणाली, दारात मी आणि माझी सून, अत्तर-गुलाब आम्ही बघतो. मग माझ्याकडं वळून, अगदी मायेनं म्हणाली की तू आत देवाजवळ बस, समई सांभाळ, तुझ्यासारख्या बाईची जागा तीच, शोभून दिसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अपमान केला असता तर मी तिथंच भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण हा मान होता. माझ्याच हातानं रोज सकाळी लावलेल्या वासानं मला सगळ्यांच्या देखत उचलून आतल्या खोलीत नेऊन बसवलं होतं. दोन वर्षं मी समजत होते की मी त्यांना फसवलं, पण त्यात त्यांचं काहीच गेलं नव्हतं. काडी अजूनही माझ्या हातावरनंच जात होती.

मला दारात उभं राहायचं होतं. आमच्याकडं लग्नात दाराशी उभं राहणं म्हणजे नुसतं शिंपडणं नव्हे. येणाऱ्याच्या हाताला अत्तर लावायचं, या म्हणायचं, आणि हे माझ्या घरचं कार्य आहे असं त्याला न बोलता सांगायचं. पोरगी मी वाढवली, मिरचीच्या खकाण्यात उभं राहून शिकवली. तिच्या लग्नात लोकांना या दुसऱ्यांनी म्हणायचं आणि मी आत समईची वात सारत बसायचं, हे मला होणार नव्हतं.

मी उठले, कपाटातनं बाटली काढली आणि चहाच्या कपांच्या मधोमध ठेवली.

"अक्का, माझ्या अंगाला देवाचा वास न्हाय," मी म्हणाले. "ह्या बाटलीतला हाय. सेंट हाय. मला आवडतंय म्हणून मी लावते. आणि दारात मी उभी ऱ्हाणार हाय."

पोरगी बाटलीकडं बघायला लागली आणि तिला आत्ता उमगलं की दर तीन महिन्यांनी मी ती कशाला मागवत होते. थोरल्या दिरांनी बाटली उचलून हुंगली आणि चांगली आहे की, असं पुटपुटले. अक्कानं असं बघितलं की त्यांनी बाटली खाली ठेवून दिली.

"म्हंजे तू सेंट लावतीयास," अक्का म्हणाली, "आन् आमी जगाला देव देव सांगत सुटलोय."

मग ती बराच वेळ बोलली. गल्ली काय म्हणेल हे झालं, माझं वय झालं, मेलेल्या माणसाची आठवण झाली. ह्या सगळ्याला माझ्याकडं उत्तरं होती. पण शेवटी तिनं विचारलं, विहीणबाईंना कळल्यावर त्या काय म्हणतील? त्यांनी शुभकार्यात असलं चालत नाही म्हणून लग्न मोडलं तर? पोरगी म्हणाली, मोडू दे. तोंडानं म्हणाली खरी, पण तिच्या ओठांचा रंग गेलेला मी बघितला. तो मुलगा तिला मनापासून हवा होता. माझ्या हौसेपायी तिचा संसार पणाला लावायचा का, हा प्रश्न अक्का मला त्याच शब्दांत विचारून वर निघून गेली.

दोन दिवस मी वास लावला नाही. डंकावर बायकांनी विचारलंसुद्धा, बरं नाही का म्हणून. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की विहीण काय म्हणेल हे विहिणीलाच विचारायचं. अक्काच्या अंदाजावर मी का झुरायचं? डंक बंद ठेवला, चांगली साडी नेसले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वास लावला, आणि बिद्रीची एसटी धरली. लपवून विचारायला गेले असते तर खोटंच उत्तर मिळालं असतं.

साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. उतरले तर हवेत मळीचा तो आंबूस गोड वास इतका दाट की मला भीती वाटली, माझा त्यात बुडतोय की काय. विहीणबाई गोठ्यात होत्या. अचानक मला बघून गडबडल्या, हात धुवायला उठल्या. मी म्हटलं तुमचं चालू द्या, आणि तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसले. त्यांनी म्हशीखाली पुन्हा चरवी धरली. दोन धारा काढल्या आणि मान न वळवता म्हणाल्या, "देवळातनं आलासा वाटतं."

नुसतं व्हय म्हटलं असतं तर चहा पिऊन, साडीचोळीच्या गोष्टी करून परत आले असते. पण मग माझी जागा समईपाशी कायमची ठरली असती.

मी म्हणाले, "न्हाय. हे सेंट हाय. धुपाच्या वासाचं. माझा नवरा गेलाय, तरी मी लावते. आणि लग्नात दारात उभी ऱ्हाऊन मला सगळ्यांच्या हाताला अत्तर लावायचंय. तुमची हरकत असंल तर आत्ताच सांगा. पोरांच्या वाटंत मला काटा व्हायचं न्हाय."

दुधाच्या धारा चरवीत पडत राहिल्या. म्हशीनं एकदा माझ्याकडं मान वळवून मोठ्यानं फुस्स केलं, तिलाही मिरची लागली असणार. चरवी भरल्यावर बाई उठल्या, ती वळचणीला ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या अंगाला बारा म्हैनं शेणाचा वास," त्या म्हणाल्या. "किती बी साबण लावा. पोराच्या लग्नात बी त्योच येनार म्हणून मला घोर पडलावता. आनलीया का बाटली?"

पिशवीत होती. मी काढली, त्यांच्या दोन्ही मनगटांवर मारली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला, मग हात लांब धरला, मग पुन्हा घेतला. दगडफूल निवडताना मी घेते तसाच. म्हणाल्या, ह्यात आपल्या चुलीचा धूर आहे आणि तरी भारी आहे. मग एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "दारात तुमीच उभ्या ऱ्हावा. वऱ्हाड घेऊन आल्यावर मी तुमच्या हातनंच लावून घेनार. तिथं दुसरी कोन दिसली तर मी म्हागारी फिरीन, सांगून ठेवतो."

परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी रडले. रडण्याचं कारण आनंद होता आणि मला ते लपवायचं काहीच कारण नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा पोरीचं लग्न आहे एवढं सांगितलं, तिनं लगेच समजून घेतलं.

अक्काला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी निवडत राहिली. पुढं लग्नापर्यंत कामाचं बोलायची, बाकी नाही. मी तिच्या मागं लागले नाही. मला अत्तराची सोय बघायची होती. फवाऱ्याची बाटली लग्नाच्या दारात चालत नाही, तिथं तेलातलं अत्तर आणि काचेची काडीच पाहिजे. अत्तरवाला गुलाबाच्या पुढं सरकेना, लग्नाला गुलाबच नेतात म्हणायचा. मी म्हटलं लग्न माझ्या घरचं आहे. मग त्यानं उदाची दोन-तीन अत्तरं काढली. एक नुसतं गोड होतं, गुळाच्या काकवीसारखं. एकात जळकेपणा जास्त. शेवटी दोन्हीत चंदन मिसळायला लावून, हुंगून, परत मिसळायला लावून, त्याचा जीव मेटाकुटीला आणून मला पाहिजे होतं ते करून घेतलं. निघताना त्यानं स्वतःच्या कानामागं थोडं लावून घेतलेलं मी बघितलं.

लग्नाच्या सकाळी मी मोरपंखी साडी नेसले आणि हॉलच्या दारात उजव्या अंगाला उभी राहिले. डाव्या अंगाला हळदीकुंकवाचं ताट घेऊन अक्का आली. थोरली जाऊ दारात नाही असं लोकांना दिसायला नको म्हणून आली असावी. तिच्या मागं तिची सून गुलाबदाणी घेऊन. आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता समोर बघत होतो.

सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्याच घोळक्यातल्या दोन म्हाताऱ्या माझ्या हातातली काडी बघून पदराखाली हात घालून आत गेल्या. एक नात्यातली बाई अक्काकडनं कुंकू लावून घेऊन माझ्यासमोरनं अशी गेली जणू तिथं खांबच होता. माझे गाल तापले. काडी खाली ठेवून आत जावं असं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण पुरुषमंडळी हात पुढं करत होती, पोरीच्या मैत्रिणी दोन्ही हात पुढं करत होत्या आणि वास घेऊन परत परत येत होत्या. एवढ्यात बाहेर हलगी वाजली. वऱ्हाड आलं.

विहीणबाई सगळ्यांच्या पुढं होत्या. हिरवीगार पैठणी, नाकात नथ. दारात आल्या, अक्काच्या ताटाकडं न वळता आधी माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही मनगटं उताणी करून धरली. मागच्या बायकांना ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाल्या, "लावा, ताई. भरपूर लावा." मी लावलं. मग त्यांच्या जावा, नणंदा, सुना, बिद्रीकडच्या गोठ्यातल्या आणि उसातल्या सगळ्या बाया ओळीनं हात पुढं करून माझ्यासमोर आल्या. विहिणीनं घेतलं म्हटल्यावर कुणाची टाप होती नको म्हणायची? थोड्या वेळानं त्या दोन म्हाताऱ्यांतली एक आतनं परत आली आणि हळूच हात पुढं केला. मी तिच्याही हाताला लावलं. आतमध्ये हॉलभर फुलांच्या आणि जेवणाच्या वासात माझा ऊद पसरत चालला होता, मला दारात उभ्या उभ्या कळत होतं. आयुष्यात मी एवढी ताठ कधी उभी राहिले नव्हते.

गर्दी जरा विरळ झाली. अक्काची सून पाणी आणायला आत गेली. आम्ही दोघीच उरलो. समोर पाव्हण्यांच्या गाड्या लावून घेण्यासाठी थोरले दीर उन्हात उभे होते, मध्येच छातीवर हात ठेवून थांबायचे, पुन्हा हात हलवायचे. अक्का त्यांच्याकडं बघत होती.

"धाकटे," ती म्हणाली. किती तरी दिवसांनी तिनं मला हाक मारली होती. "उद्या ह्यास्नी काय झालं, तर मला दारात कोन उभं करंल?"

मी तिच्याकडं बघितलं. तिची नजर अजून उन्हातल्या दिरांवरच होती. एवढी वर्षं ही बाई रीत पाळत होती असं मी धरून चालले होते. ती भीत होती. काडी माझ्या हातावरनं नेताना तिनं माझ्याकडं का बघितलं नव्हतं हे मला तेव्हा समजलं, आणि तिच्यावरचा माझा सगळा राग तिथल्या तिथं उतरला.

"मी करीन की," मी म्हणाले. "आनि काडी माझ्याच हातात असंल."

तिनं ताट डाव्या हातावर घेतलं आणि उजवा हात पुढं केला. चुडा जरा मागं सारून मी तिच्या मनगटावर काडी ओढली, एकदा आणि मग पुन्हा एकदा. तिनं मनगट नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं. डोळे भरले होते पण पाणी पडू दिलं नाही, कार्याचं घर होतं.

पुढची गाडी दाराशी लागली. चार-पाच बायका उतरून पायऱ्या चढायला लागल्या. मी काही बोलायच्या आत अक्कानं पदर सारखा केला, एक पाऊल मागं सरकून त्यांना वाट दिली आणि म्हणाली, "या पावणं, या. आधी हात हिकडं करा, आमच्या धाकटीकडं."